घरी पाळणाघर आहे, मग लेकीला शाळेत सोडायचं-आणायचं कुणी?

ताई, तुम्ही विचारलंय की घरी चार लहान मुलं सांभाळायला असतात, लेक यंदा पहिलीत गेली, मिस्टर सकाळी सातलाच कोल्हापूरहून गोकुळ शिरगावला कामावर जातात. मग तिला सोडायला-आणायला जाताना शेजारच्या काकूंना घरात बसवून गेलं तर चालेल का, की चौघांना बरोबर घेऊनच निघावं?

माझं उत्तर रोखठोक आहे: दोन्ही नको. पाळणाघर उघडं आहे तोवर तुम्ही घर सोडायचं नाही. तुमच्या लेकीला आणायला दुसरं माणूस मिळतं. त्या चौघांच्या आया मात्र तुमच्याकडं बघून मूल ठेवून गेल्यात, काकूंकडं बघून नाही. काकू कितीही मायेच्या असल्या तरी कुणाला शेंगदाणे द्यायचे नाहीत, कुणाला ताप आला की झटके येतात, कोण दाराची कडी काढायला शिकलंय, हे त्यांना ठाऊक नसतं. फुलेवाडीच्या बाजूला मी बरीच वर्षं पाळणाघर चालवते, माझी दोन्ही पोरं याच धबडग्यात शिकली, आणि हा नियम मी आजवर सोडलेला नाही.

सकाळचं कोडं अलीकडं जास्त अवघड झालंय. पूर्वी लहान वर्गांच्याही कितीतरी शाळा सात-साडेसातला भरायच्या. पोरगं सोडून आलं की मग आपलं दार उघडायचं. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारनं शाळांना सांगितलं. पोरांच्या झोपेसाठी बरंच झालं म्हणायचं, पण आपली पंचाईत झाली. बँकेतल्या, कॉलेजातल्या आया मूल घेऊन येतात तीच ही वेळ. एक मूल दारात रडतंय, दुसरीची आई औषधाची वेळ सांगतेय, आणि आपल्या लेकीचा एक मोजा सापडत नाही!

यावर मला देवघेवीचा उपाय सर्वांत चांगला वाटतो. तुमच्याकडं धाकटं ठेवणाऱ्या एखाद्या आईचं थोरलं तुमच्या लेकीच्याच शाळेत किंवा त्याच रस्त्यावर असतं. तिनं सकाळी दोघांनाही सोडायचं आणि तुम्ही तिच्या फीमध्ये सूट द्यायची. फुकट करून घेऊ नका. फुकटचं काम पहिल्या पावसात बंद पडतं. मात्र तिच्याकडं चारचाकी असेल तरच हे जमतं. दुचाकीवर कायद्यानं चालवणाऱ्याच्या मागं एकच जण बसू शकतो. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं, आणि चारच्या आतल्याला हेल्मेटबरोबर चालवणाऱ्याला जोडणारा पट्टाही, हा चारच्या आतल्यांचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्याकडं एक पुढं उभं, एक मागं, दप्तर हँडलला असं रोज दिसतं, म्हणून ते बरोबर होत नाही. दुसऱ्याची पोरं तर अशी कधीच न्यायची नाहीत. चौघांना बरोबर घेऊन निघायचं का, याचंही उत्तर यात आलंच.

खरी कसोटी दुपारची. शाळा सुटायची वेळ आणि बारक्यांची जेवणाची-झोपेची वेळ हमखास एकच. एकाला मऊ भात भरवायचा अर्धा राहिलाय, एक झोळीत नुकतंच डोळे मिटतंय, अशा वेळी त्यांना उठवून उन्हात रिक्षात घालणं म्हणजे पुढची सगळी दुपार रडारडीत घालवणं. म्हणून दुपारसाठी सरळ रिक्षा लावा, किंवा शाळेची बस असेल तर बस. पैसे जातात, मान्य. पण तो खर्च पाळणाघराचाच धरा, गॅस-दुधासारखा, आणि फी ठरवताना हिशेबात घ्या. लेकीच्या नावावर घालून हळहळू नका.

रिक्षामामा निवडताना नुसतं भाडं विचारू नका. दोन दिवस शाळा सुटायच्या वेळी कुणाला तरी गेटपाशी उभं राहून बघायला सांगा, किंवा पाळणाघर बंद असेल त्या शनिवारी स्वतः जा. आत किती पोरं कोंबलीत, उजव्या बाजूला आडवा दांडा किंवा जाळी आहे का, ड्रायव्हरच्या शेजारी मूल बसवतात का, हे दिसतं. पोराला दारात हातात देतात की कोपऱ्यावर सोडून पुढं जातात, हे आधीच्या पालकांना विचारा. मे महिन्याचे पैसे घेणार का, हे जूनमध्येच बोलून घ्या, नंतर वाद होतो. बस असेल तर तिच्यात मदतनीस आहे का बघा. मुली असतील तिथं बाई मदतनीस हवी.

आणि मामांना आधीच सांगा, हॉर्न वाजवायचा नाही. आमच्या मामांना पहिला आठवडा हे पटतच नव्हतं. गल्लीच्या तोंडापासून ते पीं पीं करत यायचे आणि मी महत्प्रयासानं झोपवलेली पोरं एका झटक्यात उठायची. मग ठरलं की वळणावर आल्यावर मिस्ड कॉल द्यायचा. मी फाटकाशी जाते, पोरीला हाताला धरून आत घेते. फाटकापासून आतली खोली दिसते, म्हणून एवढं चालतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असेल तर मामांनी किंवा वॉचमननं वर आणून सोडायचं, हे पगार ठरवतानाच बोलून ठेवा. बारक्यांची जेवणं साडेबाराच्या आत उरकली की आपली पोरगी आल्यावर तिच्याजवळ बसता येतं. ते दहा मिनिटं बसणं गरजेचं असतं. दिवसभर आई दुसऱ्यांच्या पोरांची असते हे तिला बोलता येत नाही, पण समजतं.

हे बसलं की पालक पुढची मागणी करतात: "वहिनी, थोरल्यालाही दुपारी तुमच्याकडंच येऊ दे ना." जागा असेल तर जरूर घ्या, पण त्याला आणायची जबाबदारी घेऊ नका. त्याची रिक्षा त्याच्या आईवडिलांनी लावायची, आणि दुपारी मूल तुमच्या पत्त्यावर उतरेल हे शाळेला लेखी द्यायचं. मूल न्यायला येणाऱ्याचं ओळखपत्र शाळा देत असेल तर रिक्षामामांचं नाव-फोटो त्यावर हवा. ठरल्या वेळेला मूल आलं नाही तर आधी मामांना फोन, मग शाळेला, मग आईला, हा क्रम भिंतीवर लिहून ठेवा. आईला थेट फोन केला तर ती सीपीआर हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर असते आणि घाबरून जाते, आणि मामा तेवढ्यात कोपऱ्यावर आलेले असतात. नवरात्रात तर हे ठरलेलंच. अंबाबाईच्या गर्दीमुळं भवानी मंडप, बिंदू चौकाच्या बाजूला वाहतूक वळवली की त्या भागातून येणारी रिक्षा उशिरा येते.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, ऑफिसं मात्र चालू असतात. म्हणजे आपलीही पोरगी घरात, आणि थोरली भावंडंही सकाळपासून दारात. अशा दिवसाचे जादा पैसे किती आणि जास्तीत जास्त किती मुलं घेणार, हे प्रवेशाच्या कागदावर आधीच लिहा. दारात भिजून उभ्या असलेल्या आईशी भाव करता येत नाही.

पुराचं वेगळं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की पन्हाळ्याकडचे पालक तिकडंच अडकतात. २०१९ आणि २०२१ ला तर शहरातलेच कितीतरी भाग पाण्यात होते. त्यामुळं माझा नियम असा: नदी ३९ ला गेली की पलीकडच्या गावांतल्यांनी मूल आणायचं नाही, किंवा शहरातल्या एका नातेवाइकाचं नाव-नंबर द्यायचा, जो संध्याकाळी येऊन मूल नेईल. वडणग्याच्या एका नर्सबाईंनी प्रवेशाच्या दिवशीच मंगळवार पेठेतल्या नणंदेचा नंबर दिला होता. रस्ता बंद झाला तेव्हा मूल नणंदेकडं राहिलं आणि मला रात्रभर फोन करत बसावं लागलं नाही.

तुमच्या लेकीची शाळा नदीच्या कुठल्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पलीकडं असेल तर शाळेजवळचं असंच एक घर तिच्यासाठीही आत्ताच बघून ठेवा.