खाणीतलं शिसं घरात नको: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

शिसं-जस्ताच्या भूमिगत खाणीबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. निम्मे विहिरीतल्या दगडाचे, निम्मे राजस्थानात कामाला गेलेल्यांच्या घरच्यांचे. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

विहिरीला सुरुंग लावल्यावर मांजऱ्या खडकातून चकचकीत पांढरे-गुलाबी खडे निघाले. एक जण म्हणतो यात शिसं आणि चांदी आहे. मशीनने तपासायचे पंधरा हजार मागतो. (अंबड)

एक रुपयाही देऊ नका. हे झिओलाइट किंवा कॅल्साइट असणार. लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत ते पाण्यातून वाढतात. शिशाचं खनिज म्हणजे गॅलेना. ते करडं, आरशासारखं चमकणारं असतं, हातोडी मारली की त्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि तेवढ्याच आकाराच्या काळ्या पाषाणाच्या अडीचपट जड लागतं. शंका राहिलीच तर जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना खडा दाखवा.

मग आपल्याकडे खोलवर तरी असेल की? (औसा)

१९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल बोअर घेऊन पाहिलं. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, मग गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि त्याखाली ग्रॅनाइटी नाइस, म्हणजे फार जुना, पट्टेदार, कठीण खडक. आपला पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर खाणीतलं शिसं-जस्त डोलोमाइटमध्ये आहे, म्हणजे जुन्या समुद्रात साचलेल्या खडकात, आणि ते खडक दीडशे कोटी वर्षांहून जुने. दोन्हींची जातकुळीच वेगळी. पाषाणाखाली कुठे काय आहे हे बोअर घेतल्याशिवाय कळत नाही. नारळ फिरवून सांगणाऱ्याला तर नाहीच.

सातबारा माझ्या नावावर आहे. खाणपट्टा मिळेल का? (गेवराई)

नुसत्या सातबाऱ्यावर नाही. शिसं-जस्त प्रमुख खनिजांत येतं आणि २०१५पासून त्यांचे पट्टे लिलावाने दिले जातात. 'फाइल लावून देतो' म्हणणाऱ्याला टाळा, जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना भेटा.

मुलगा मायनिंग डिप्लोमा करून छोट्या खाणीत चाललाय. जमिनीखाली नक्की काय असतं? (मुखेड)

शाफ्टने, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या वाटेने, किंवा उतरत्या बोगद्याने खाली जायचं. ठरावीक खोलीवर आडवे बोगदे असतात, त्यांना लेव्हल म्हणतात. धातुकाचे, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या दगडाचे, तिरके पट्टे असतात. ते फोडून काढले की जी पोकळी राहते ती स्टोप. दगड वर आला की दळतात, मग फेसावर आधी गॅलेना तरंगवून काढतात आणि नंतर मोरचूद घालून जस्ताचं खनिज स्फॅलेराइट.

मोठा धोका छताचा. ब्लास्टिंगनंतर विषारी वायू पंख्यांनी बाहेर जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. मग पहारीने छत ठोकून पाहायचं. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट आहे. बद्द आवाज आला तर पापुद्रा सुटलाय. तो आधी पाडायचा, मग खाली उभं राहायचं. घाईत हे टाळायला सांगणारा सुपरवायझर असेल तर मुलाने काम थांबवावं आणि सेफ्टी ऑफिसरला गाठावं. निघण्यापूर्वी त्याला खाणीचं व्होकेशनल ट्रेनिंग कसं होणार ते विचारायला लावा.

नवरा शिशाच्या खाणीत आहे. कपडे धुळीने भरलेले घरी येतात. गूळ-दूध खाल्लं की शिसं उतरतं म्हणतात. मुलगी तीन वर्षांची आहे. (परळी)

उतरत नाही. गूळ खाल्ल्याने शिसं बाहेर पडत नाही, आणि 'डिटॉक्स' काढाही नुसता पैशाचा चुराडा आहे. याच समजुतीपायी लोक महिनोन्‌महिने तपासणी टाळतात, हे पाहून जीव तुटतो.

गॅलेना पोटात हळू विरघळतं, म्हणून भट्टीच्या धुराइतकं किंवा जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवणाऱ्या शेडमधल्या धुळीइतकं ते जहाल नाही. तरीही लहान मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात आणि मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतात. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तो भरून निघत नाही. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, पण हाडांत गेलेलं वर्षानुवर्षं तिथेच राहतं. पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय दिसेपर्यंत थांबू नका. मुलांत बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

नवऱ्याने अंघोळ खाणीवरच करावी, कपडे आणि बूट तिथेच बदलावेत, जमत नसेल तर बंद पिशवीत आणून वेगळे धुवावेत. कपडे झटकायचे नाहीत. घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि याच आठवड्यात नवऱ्याची आणि मुलीची रक्तातल्या शिशाची तपासणी करा. मुलीचा आकडा डेसीलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आला तर शिसं कुठून येतंय ते शोधायलाच हवं. रिपोर्ट घेऊन बालरोगतज्ज्ञांकडेच जा. शिसं काढायची औषधं असतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. तुम्हाला दिवस गेले असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा; पोटातल्या बाळापर्यंत शिसं पोचतं.

जस्तही विषारीच ना? जुलाब झाल्यावर बाळाला जस्ताच्या गोळ्या दिल्यात. (सेलू)

शिशासारखं नाही; जुलाबात जस्त हे औषध आहे. डॉक्टरांनी दिल्यात तर सांगितले तितके दिवस पूर्ण करा, जुलाब आधी थांबले तरी.