कडक पेडल आणि कमी ब्रेक : डिस्क बसवण्याआधी हे तपासा

तुमची अडचण नीट वाचली. १९९७ ची महिंद्रा डिझेल जीप, फोर बाय फोर, चारी चाकांना ड्रम ब्रेक, सोबत बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. मेढ्याकडून महाबळेश्वरला माल पोचवून परत येताना केळघर घाटात ब्रेक कमी पडतात, सगळा जोर लावला तरी गाडी लांबवर जाऊन थांबते. दोन महिन्यांत चारी चाकांचे लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) बदलले, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) नवा घातला, लाइनमधली एअर दोनदा काढली, तरी फरक नाही. आणि आता मेकॅनिक म्हणतोय, पुढे डिस्क बसवून टाका.

डिस्कचा खर्च आत्ता करू नका. तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत, मला सगळ्यात महत्त्वाच्या त्याच वाटतात. पेडल ‘दगडासारखं’ लागतं, ही एक. आणि दिवाळीत डायनॅमो दुरुस्त करून घेतला, ही दुसरी.

ब्रेक लागत नाहीत म्हटलं की लोक लगेच पार्ट आणायला जातात. पण आत काय बिघडलंय ते बरंचसं पेडलच सांगतं. पेडल स्पंजासारखं दबलं तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खाली गेलं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर आलं तर शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, ड्रमपासून लांब राहिलेत, ॲडजस्ट करायला हवेत. पाय ठेवून धरल्यावर पेडल हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर कुठं ऑइल दिसत नाही, तर मास्टरच्या आतले रबर कप गेलेत. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. पेडल वर आणि कडक आहे, म्हणजे ऑइलचा दाब तयार होतोय. मग मुख्य दोन शक्यता उरतात. पायाला मिळणारी बूस्टरची मदत बंद झालीय, किंवा चाकात लायनर ड्रमला धरत नाही. मास्टर बदलून फरक पडला नाही तो यामुळेच.

आधी बूस्टरचं बघू. तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर चालतो. पेट्रोल गाडीला, उदाहरणार्थ जिप्सीला, व्हॅक्यूम इंजिनाच्या इंटेक मॅनिफोल्डमधूनच, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीतूनच मिळतो. डिझेलला तसा मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो डायनॅमोच्या पाठीला बसवलेला असतो. त्याला इंजिनाकडून ऑइलची बारीक नळी येते आणि जाड नळीतून ते ऑइल परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये जातं. आता दिवाळीतलं काम आठवा. डायनॅमो खाली उतरवला म्हणजे पंपही उतरला. तो परत बसवताना आतल्या पात्या उलट बसल्या, ऑइलची नळी मुरगळली, क्लिप सैल राहिली, यातलं एक जरी झालं तरी बॅटरी झकास चार्ज होते, लाइट लागतात आणि काम चोख झालं असंच सगळ्यांना वाटतं. ब्रेकची मदत मात्र गेलेली असते.

तपासायला एक पैसा लागत नाही. गाडी सपाटीला, चाकांना दगड लावून, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल. आता पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसायला हवं. नाही बसलं तर बूस्टर काम करत नाही, किंवा त्याच्यापर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही. मग बूस्टरवरून रबरी पाइप काढा, इंजिन आयडलवर ठेवा आणि पाइपच्या तोंडावर अंगठा धरा. पंप चांगला असेल तर दोन-चार सेकंदांत अंगठा असा ओढून धरला जातो की सोडवताना आवाज येतो. नुसतं गार वारं लागल्यासारखं झालं तर पंप किंवा पाइप गेलाय. ओढ जोरात आहे आणि तरी पेडल खाली बसत नाही, तर बूस्टरच्या आतला पडदा फाटला असेल. पेडल दाबल्यावर पायाजवळ सुस्स आवाज येतो का ते ऐका. आणि पाइपमध्ये इंजिन ऑइल दिसलं तर वन-वे व्हॉल्व्हही बघून घ्या, कारण ते ऑइल बूस्टरमध्ये उतरलं की रबर फुगतं.

पाइपचा माझा अनुभव सविस्तर सांगतो, कारण त्यात माझे तीन महिने गेले. ठोसेघरकडून साताऱ्याला बोरणे घाटाने उतरत होतो, मागे दोन माणसं आणि पाण्याच्या मोटरचं सामान. वरची दोन वळणं ब्रेक व्यवस्थित लागले. तिसऱ्या वळणाला पेडल एकदम दगड झालं. सेकंड गिअर होता म्हणून गाडी आवरली आणि डोंगराच्या बाजूला दगडाला टेकवून उभी केली. इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं, तर बूस्टरचा पाइप मधोमध चपटा झालेला, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. इंजिन बंद केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू फुगून परत गोल झाला. कुणीतरी मागे कधी व्हॅक्यूमच्या जाड पाइपच्या जागी साधा पाण्याचा पाइप घातला होता. इंजिन गार असताना तो तग धरायचा, तापला की मऊ पडून आतल्या ओढीनं चिकटायचा. गॅरेजमध्ये गाडी गार होऊन पोचायची, त्यामुळे तिथं कुणालाच काही सापडत नव्हतं. म्हणून तुम्हीही ही तपासणी एकदा गार इंजिनावर आणि एकदा वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर करा. पाइप बदलायचा झाला तर आतून कापडाचं किंवा दोऱ्याचं विणकाम असलेला, व्हॅक्यूमसाठीचाच घ्या.

व्हॅक्यूम ठीक निघाला तर मग ड्रम उघडा. इथं एक सूचना कृपा करून हलक्यात घेऊ नका. जुन्या जीपचा हॅन्डब्रेक बऱ्याचदा चाकात नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं फिरू शकतं आणि हॅन्डब्रेक ओढलेली गाडी जॅकवरून घसरते. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय आणि खाली स्टँड दिल्याशिवाय गाडीखाली हात घालू नका. ड्रममधली धूळ हवेच्या नळीनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

नवे लायनर घालूनही ब्रेक कमी लागायचं मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण म्हणजे ड्रम आणि लायनरचा गोलावा जुळत नाही. तुमच्या गाडीचे ड्रम एवढ्या वर्षांत लेथवर एक-दोनदा तरी कापले गेले असणार, म्हणजे आतून मोठे झालेत. नवा लायनर मात्र मूळ मापाचा. मग तो मधोमध चार बोटं तेवढा टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी राहतात. पाहायचं असेल तर शाळेतला पांढरा खडू घ्या, लायनरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फासा, ड्रम चढवा, चाक हातानं फिरवत दुसऱ्याकडून ब्रेक हलकेच दाबून घ्या. ड्रम काढा. खडू जिथं पुसला गेला तेवढाच तुमचा ब्रेक. माझ्या जीपला तळहाताच्या निम्म्याएवढा पट्टा पुसला होता, बाकी सगळं पांढरं तसंच. लेथवाल्याकडे ड्रम आणि शू दोन्ही घेऊन जा आणि लायनर ड्रमच्या मापानं घासून घ्या. ड्रमवर बऱ्याचदा कमाल व्यासाचं माप कोरलेलं असतं, त्याच्या पुढं गेला असेल तर कापू नका, नवाच घ्या. पातळ ड्रम घाटात तापला की फाकतो.

दुसरं कारण म्हणजे तेल. लायनर काळा, ओलसर आणि उग्र वासाचा असेल तर ते मागच्या ॲक्सलचं गिअर ऑइल आहे. सील बदलतात, लायनर बदलतात, चार महिन्यांत परत तेच. कारण ॲक्सलच्या वरचा ब्रीदर, ती छोटी टोपी, चिखलानं बुजलेली असते. आपल्या भागात ओढ्यातून, भाताच्या खाचरातून गाडी गेली की हे होणारच. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नाही, मग ती सीलमधून ऑइल ढकलते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून पाहा. पुढच्या चाकांत नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) सीलमधून ग्रीस-ऑइल आत येतंय का तेही बघा. तेलात भिजलेला लायनर पेट्रोलनं धुवून किंवा जाळून परत घालू नका, तापल्यावर तेल पुन्हा वर येतं. शिवाय नेहमी दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

मास्टर नवा घातलाय म्हणून एक बारीक गोष्ट : बूस्टर आणि मास्टरमधल्या पुशरॉडला (मास्टरला ढकलणाऱ्या दांड्याला) किंचित ढिलाई हवी. ती नसेल तर ऑइल टाकीत परतत नाही, शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतात आणि घाटाच्या शेवटी ब्रेक मरतात. घाट उतरल्यावर पेडलला अजिबात खेळ उरत नाही असं होत असेल तर इथंच संशय घ्या.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते तुम्ही लिहिलं नाही. एअर काढताना नुसतं वरून भर घातली असेल तर जुनं आतच आहे. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ (डॉट म्हणजे डब्यावर लिहिलेला ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १४० अंशांवरही उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि तेव्हा पेडल कडक नव्हे, थेट खाली जातं. दोन वर्षांत एकदा सगळं बदला, एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात करा. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल त्यात थेंबभरही जाऊ देऊ नका, सगळे कप फुगून बसतील.

टायर मोठे घातलेत का? घातले असतील तर तेवढ्याच ड्रमला जास्त काम पडतं, हे धरून चाला.

हे सगळं होईपर्यंत केळघर घाट उतरू नका. अगदीच जावं लागलं तर माल न भरता जा आणि ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. न्यूट्रल तर कधीच नको. कोरड्या डांबरावर फोर व्हील लो टाकून उतरायचा सल्ला कुणी देईल, तोही ऐकू नका. मध्ये डिफरन्शियल नसलेल्या या गाडीचे पुढचे-मागचे शाफ्ट वळणावर एकमेकांना पिळतात आणि स्टिअरिंग जड होतं. सेकंड गिअर पुरतो.

काम झाल्यावर रिकाम्या सपाट रस्त्यावर तीसच्या वेगानं आठ-दहा वेळा ब्रेक मारा, थांबा आणि चारी ड्रमवर पाण्याचे थेंब टाका. ज्याच्यावर थेंब बाकीच्यांपेक्षा खूप जास्त वेळ बसून राहिला, त्या चाकाचा ब्रेक नीट लागत नसेल. तुम्ही उद्या सकाळी आधी अंगठ्याची तपासणी करा आणि ओढ किती लागली, गार असताना किती, तापल्यावर किती, ते इथं लिहा. पंपच गेलेला निघाला तर डायनॅमोच्या पाठीचा फोटोही टाका, पात्या आणि नळ्या कशा बसल्यात ते बघून पुढचं सांगतो.