ड्रॅक्युला उन्हात जळून मरतो, हे मूळ कादंबरीत आहे का?

नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत हा गडी लंडनच्या पिकॅडिलीत भरदिवसा फिरताना दिसतो. दिवसा त्याच्या शक्ती तेवढ्या कमी होतात. शेवटी तो मरतो तोही सुऱ्यांनी: एक गळ्यावर, एक काळजात. गळ्यावर चालते ती चक्क कुकरी, आपल्या गुरख्यांची! (बरेचसे सिनेमावाले हे का गाळतात कोण जाणे.)

उन्हाची भानगड आली १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून. पहाट होते, कोंबडा आरवतो, काउंट ऑर्लोक (म्हणजे नाव बदललेला ड्रॅक्युलाच) खिडकीपाशी छाती धरून उभा राहतो आणि धूर होऊन विरतो. कथा परवानगीशिवाय उचललेली, म्हणून स्टोकरच्या बायकोने खटला भरला. प्रती नष्ट करायचा हुकूमही झाला. काही वाचल्या, आणि ऊन पुढच्या सिनेमांना कायमचं चिकटलं.