विहिरीच्या पाण्यातलं ॲट्राझिन आणि अमृतधारेचा थेंब

प्रश्न: मी सोलापुरात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऊसपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात कीडनाशकांचे अंश शोधायचा प्रकल्प आहे. गाईड म्हणतात, निष्कर्षण (पाण्यातून हे अंश बाहेर काढणं) ‘ग्रीन’ हवं, म्हणजे घातक द्रावक कमीत कमी वापरून. कॉलेजात यूव्ही डिटेक्टरची एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणारं यंत्र) आहे, बाकी फार काही नाही. कोणती पद्धत घेऊ?

उत्तर:

घरात अमृतधारेची बाटली असेल तर वाटीभर पाण्यात दोन थेंब टाकून बघा. पाणी दुधाळ होतं. तुमचा निम्मा प्रकल्प त्या वाटीत आहे.

अमृतधारेत असतं काय? कापूर, ओव्याचं फूल (थायमॉल), पुदिन्याचं फूल (मेंथॉल). वेगवेगळे ठेवले तर खडे, एकत्र केले की आपोआप पातळ. हे युटेक्टिक मिश्रण. मेंथॉल वापरून केलेली, पाण्यात न मिसळणारी अशी मिश्रणं साधारण २०१५ पासून संशोधनात द्रावक म्हणून आली. आणि द्रावकाचा बारीक थेंब पाण्यात धुक्यासारखा पसरवून त्यात कीडनाशक ओढून घ्यायचं, ही युक्ती इराणमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडली. तुम्ही या दोन्हींची सांगड घाला.

जुनी पद्धत मी एमआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये चार वर्षं केली आहे. एक लिटर पाणी, ६० मिली डायक्लोरोमिथेन, फनेल हलवा, वाफ सोडा, असं तीनदा. म्हणजे एका नमुन्याला १८० मिली द्रावक, आणि शेवटी ते आटवून एक मिली करायचं. बाकीचं कुठे जातं ते सांगायला नको. हा द्रव ४० अंशांना उकळतो. सोलापूरचा मे महिना, एसी बंद, तोटी उघडायला मला जरा उशीर झाला आणि फनेलचं बूच थेट छताला लागलं. नमुना माझ्या ॲप्रनवर. मोहोळहून बाटली घेऊन आलेल्या काकांना पुन्हा हेलपाटा पडला.

आता हिशेब बघा, उसातल्या ॲट्राझिन या तणनाशकाचं उदाहरण घेऊन. भारतीय पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला ०.१, म्हणजे दहा हजार लिटरच्या एक हजार टँकरांत मिळून एक ग्रॅम. तुमच्या एचपीएलसीला लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली दिसत नाही असं धरू. १० मिली पाण्यातलं ॲट्राझिन ५० मायक्रोलिटर थेंबात आणलं तर कागदावर २०० पट वाढ. साठ टक्केच हाती लागलं तरी १२० पट, म्हणजे लिटरला सुमारे ०.४ मायक्रोग्रॅमपर्यंत दिसेल. आपल्या मानकाला पुरेसं आहे. युरोपच्या आकड्याच्या नादी लागू नका, त्याला मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) लागतो.

अमृतधारा जशीच्या तशी मात्र वापरू नका. ओव्याच्या फुलातलं थायमॉल यूव्हीत जोरात दिसतं आणि त्याचं भलंमोठं पीक (शेतातलं नव्हे, आलेखातलं) बाकीच्यांवर बसू शकतं. मेंथॉल आणि डेकॅनोइक आम्ल एकत्र, जरा कोमट करून घ्या. ॲट्राझिन २२२ नॅनोमीटर तरंगलांबीला बघा. या आम्लाला बोकडाचा वास येतो, तेवढं लॅबमेटना आधीच सांगून ठेवा.

इथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलो होतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सगळं सुरेख चाललं: सिरिंजने आठ-दहा वेळा ओढ-सोड केली, पाणी दुधाळ झालं, सेंट्रिफ्यूजनंतर वर स्वच्छ थेंब तरंगला. मग बोअरचं पाणी घेतलं आणि थेंबच गायब. वर नुसती पांढरी साय. दोन दिवस सेंट्रिफ्यूजला शिव्या दिल्या. शेवटी बादलीत साबणाचा साका बघताना डोक्यात प्रकाश पडला. आपलं पाणी जड आणि किंचित अल्कधर्मी. त्यात डेकॅनोइक आम्लाचा साबण होतो आणि कॅल्शियम त्याचा साका करतं. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पीएच तीनच्या आसपास आणला (पाणी बारीक फसफसतं, घाबरू नका) आणि थेंब परत वर आला. म्हणून रिकव्हरी (टाकलेल्यापैकी किती परत हाती आलं) काढायची ती विहिरीच्याच पाण्यात, मोजून ॲट्राझिन टाकून. थोडं मीठ घातलंत तर ॲट्राझिन थेंबाकडे जास्त वळतं, पण किती ते करूनच ठरवा.

प्रकल्पाच्या नावात ‘कीडनाशके’ असं मोघम लिहू नका. क्लोरपायरीफॉस तेलाकडे धावतं, ते सहज येईल. ॲट्राझिन अधेमधे. इमिडाक्लोप्रिड पाणी सोडायला तयार नसतं आणि ग्लायफोसेट तर या थेंबाकडे ढुंकून बघत नाही. अशांसाठी घन कार्ट्रिजचा (पाणी घन पदार्थाच्या थरातून सोडून अंश त्यावर अडकवायचे) मार्ग वेगळा आहे. १९९० पासूनची फायबरवाली पद्धतही आहे (लेप दिलेला बारीक तंतू पाण्यात बुडवून अंश त्यावर घ्यायचे), द्रावकाशिवाय चालते, पण फायबर महाग आणि नाजूक, विद्यार्थ्यांच्या हातात टिकत नाही.

व्हायव्हाला हमखास येईल असा एक प्रश्न: थेंब ५० मायक्रोलिटरचा, पण एचपीएलसीत मिनिटाला एक मिलीने वीस मिनिटं, ६० टक्के मिथेनॉल चालवलंत तर एका इंजेक्शनला १२ मिली मिथेनॉल जातं. थेंबाच्या २४० पट! मग हिरवं काय? प्रामाणिकपणे लिहा की निष्कर्षण हिरवं आहे, मोजमाप अजून नाही. जमल्यास एचपीएलसीला बारीक कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) घ्या, म्हणजे मिथेनॉल कमी लागेल. नमुना तयार करण्याच्या टप्प्याला शून्य ते एक गुण देणारं ‘ॲग्रीप्रेप’ नावाचं साधन २०२२ पासून आहे, त्यात तुमचे आकडे भरून तक्ता जोडा.

पाणी आणायला तपकिरी काचेच्या बाटल्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत. काही कीडनाशकं भिंतीला चिकटतात. बर्फाच्या डब्यातून आणा आणि त्याच विहिरीच्या तीन बाटल्या जास्त भरा. रिकव्हरीला त्याच लागतील, आणि ऐनवेळी पुन्हा मोहोळची एसटी पकडायला नको.