उठाव झाल्यावर एखाद्या देशातली पत्रकारिता खरंच मोकळी होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: नेपाळ, बांगलादेशात पोरांनी सरकार पाडलं, तर आता तिथले पेपर बिनधास्त लिहितात का? आणि दारव्हा, आर्णीसारख्या तालुक्यात काम करणाऱ्या वार्ताहराने त्यातून काय घ्यावं?

सुरुवातीला भीती जाते, हे खरं. काल दाबलेली बातमी आज पहिल्या पानावर येते. पण दाब संपत नाही, तो दुसऱ्या बाजूने येतो. बांगलादेशचंच बघा. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी एप्रिल २०२३ मध्ये भर संसदेत ‘प्रथम आलो’ या दैनिकाला लोकशाहीचा शत्रू म्हटलं होतं. ५ ऑगस्ट २०२४ ला त्या देश सोडून गेल्या. म्हणजे या पेपरला आता सुखाचे दिवस यायला हवे होते. पण १८ डिसेंबर २०२५ च्या रात्री एका तरुण नेत्याच्या मृत्यूनंतर जमावाने ‘प्रथम आलो’ आणि ‘डेली स्टार’ या दोघांची कार्यालयं पेटवली. ‘डेली स्टार’चे पत्रकार धुराने भरलेल्या इमारतीच्या गच्चीवर अडकून पडले होते.  १९९८ ला सुरू झालेल्या ‘प्रथम आलो’चा दुसऱ्या दिवशी अंक निघू शकला नाही. नेपाळमध्येही ९ सप्टेंबर २०२५ ला, पंतप्रधान ओलींचं सरकार पडलं त्याच दिवशी, ‘कांतिपूर’ या माध्यमसमूहाची इमारत जाळली गेली. सरकारच्या नोटिशीविरुद्ध कोर्टात जाता येतं. जमावाविरुद्ध त्या रात्री कुठे जाणार?

दुसरी गोष्ट गुन्ह्यांची. बांगलादेशात हसीना गेल्यावर आंदोलकांच्या खुनाच्या गुन्ह्यांत शंभरावर पत्रकारांची नावं घातली गेली. फिर्यादीत आरोपींची लांबलचक यादी, त्यात पत्रकारही. आधी अटक, तपास मागाहून. १६७ जणांची अधिस्वीकृती पत्रं (सरकारने पत्रकाराला दिलेली मान्यता) २०२४ सालीच रद्द झाली. त्यातले काही जण जुन्या सरकारचे भाट असतीलही. पण भाटगिरी हा खुनाचा गुन्हा नव्हे, आणि हा फरक पुसला गेला की पुढचं सरकारही तीच यादी नव्या नावांनी वापरतं.

मालकीला तर उठावाचा सगळ्यात कमी धक्का लागतो. बांगलादेशात टीव्हीचे बरेच परवाने जुन्या सत्तेच्या जवळच्या उद्योगपतींकडे होते. बऱ्याच ठिकाणी संपादक बदलले, मालक तेच राहिले. हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. अंकांची एजन्सी आणि जाहिरातीवरचं कमिशन एवढंच. बाजार समितीत सत्ता पालटली की वाढदिवसाच्या पुरवणीतला फोटो बदलतो, पण जाहिरातींच्या वसुलीचं टार्गेट तेवढंच राहतं. ज्याच्या जाहिरातीवर घर चालतं, त्याच्याविरुद्धची बातमी कोण पाठवणार?

म्हणून मी आधी कायदा बघतो, आणि तो कशात लिहिलाय, अध्यादेशात की राज्यघटनेत, तेही. ट्युनिशियात २०११ च्या क्रांतीनंतर ११५ आणि ११६ क्रमांकांच्या अध्यादेशांनी पत्रकारांना बरंच संरक्षण मिळालं. २०२२ ला राष्ट्राध्यक्ष सईद यांनी अध्यादेश ५४ काढला: ‘खोट्या बातमी’ला ५ वर्षं, सरकारी अधिकाऱ्याबद्दल असेल तर दुप्पट. एका अध्यादेशाने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतलं.

आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ ला, संसदेच्या कामकाजाच्या वार्तांकनाला असलेलं संरक्षण असंच रद्द झालं होतं. १९७७ ला जनता सरकारने ते संरक्षण देणारा कायदा परत आणला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१अ थेट राज्यघटनेत घातला. त्यामुळे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदार जे बोलला ते बऱ्याच अंशी खरं आणि द्वेषबुद्धी न ठेवता छापलं, तर त्यासाठी खटला चालत नाही. गुप्त बैठक मात्र त्यात येत नाही.

तालुक्यातल्या वार्ताहराची गोम इथेच आहे. हे संरक्षण संसद आणि विधिमंडळापुरतं आहे. ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद त्यात नाही. ग्रामसभेत कुणी सरपंचावर घरकुलाचे पैसे खाल्ल्याचा आरोप केला आणि तुम्ही तो तसाच छापला, तर बदनामीची नोटीस तुमच्याही नावाने येऊ शकते. अशा वेळी इतिवृत्ताची प्रमाणित नक्कल हाती ठेवा. ती मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून द्या, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. नकलेचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात ग्रामसभेची तारीख नक्की घाला, आणि पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका.