क्रेडिट कार्डाचं बिल थकलंय, आता वकिलाचा कागद आलाय, अटक होईल का?

नाही, नुसतं बिल थकलं म्हणून अटक होत नाही, हे दिवाणी प्रकरण आहे, एजंट फोनवर 'पोलीस निघालेत' म्हणतात ते निव्वळ घाबरवायला (आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी 8 च्या आधी नि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोनच करता येत नाही). पण कागद नीट बघा. वकिलाच्या लेटरहेडवर असेल तर ती नोटीस, कोर्टाचा शिक्का नि केस नंबर असेल तर समन्स, आणि ते समन्स ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचं नाही. त्यात ऑर्डर 37 (पैशांच्या दाव्यांची झटपट पद्धत) म्हटलं असेल तर 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, नाहीतर डिक्री (कोर्टाचा वसुलीचा हुकूम) होते, मग पगाराचा काही भाग जप्त होऊ शकतो. शेवटचा भरणा कधी केला तेही शोधा, बँकेला दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं असते, एजंट 'निदान हजार तरी टाका' म्हणतो त्यात तीच गोम, मुदतीच्या आत भरलं तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. सेटलमेंट करणार असाल तर आधी बँकेचं लेटर हातात, मग पैसे. फक्त एक, थकबाकीसाठी दिलेला चेक बाउन्स झाला असेल तर कलम 138 लागतं आणि ते फौजदारी आहे, तिथे लगेच वकील गाठा.