पाण्याचा मीटर जादा धावतो का?

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या बैठ्या घराच्या नळजोडणीवर तबकडीचा मीटर आहे. माणसे तीनच, तरी आकडा झपाट्याने वाढतो. मीटर सदोष आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : पाणी सुरू असताना घरातील सर्व नळ बंद करून तबकडीवरील लहान चक्री निरखून पाहावी, ती हळूहळू फिरत राहिली, तर दोष बहुधा मीटरचा नसून गळक्या फ्लशचा किंवा टाकीतील नीट न बसणाऱ्या बॉलकॉकचा असतो, आणि आमच्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. चक्री स्थिर असेल, तर मीटरलगतच्या नळावरून मापाच्या बादल्यांनी 100 लिटर पाणी भरून मीटरच्या आधीच्या व नंतरच्या आकड्यांतील फरक लिहून ठेवावा. भारतीय मानक आयएस 779 नेहमीच्या प्रवाहात 2 टक्के आणि अगदी मंद प्रवाहात 5 टक्के चूक ग्राह्य धरते. बादलीचे माप ढोबळच असते. म्हणून हा फरक 100 लिटरपेक्षा 10 लिटरहून अधिक वर गेला, तरच लेखी अर्जाने अधिकृत चाचणी मागावी. पाणी ठरावीक वेळीच येत असल्यास नळातील कोंडलेली हवाही मीटर फिरवते, हे अर्जात जरूर नमूद करावे. मीटरचे सील मात्र स्वतः तोडू नये.